लेव्हल पाइप

पहाटे पाच दहा. जिंतुरात थंडी अशी
की बादलीतल्या पाण्यात बोट बुडवत नाही.
चावी फिरवली की पिकअप पेट घेते,
मग पाय न लावताच
आपली आपण रेस होते, आपली आपण बसते:
हूंऽऽ... हुं. हूंऽऽ... हुं.
काटा नऊशेवर, चौदाशेवर, परत नऊशेवर,
झोपेत कुणी उशी चाचपावी तसा.
चार मिनिटं.
मग काही झालंच नाही अशी गप.

मागं बांबू, साठ खुर्च्या,
प्लास्टिकात गुंडाळलेला नवरानवरीचा सोफा.

नांदेडला कंपनीत दाखवली.
पोरानं लॅपटॉप जोडला, म्हणाला, कोड नाही.
कोड नाही म्हणजे दुखणं नाही.
बिल मात्र होतं.
परभणीत एकानं सेन्सर बदलला.
दुसरा म्हणाला, इंजेक्टर, चारी, अठरा हजार.
मी अर्धा चहा टाकून उठलो.

मग ख्वाजा मिस्त्री. येलदरी रोड, वजनकाट्याच्या मागं.
डावा कान गेलेला. उजव्याला
लांब पेचकसाची मूठ लावतो,
टोक पंपावर टेकवतो, डोळे मिटतो.
पण त्याच्या दारात नेईपर्यंत गाडी तापलेली,
आणि तापली की साक्ष फिरवते.
तीनदा नेली. तीनदा त्यानं पेचकस पुसून ठेवला.
“लिंबाजी, गरम में झूठ बोलती ये.
रातभर इधरच सोने दो उसकू.”

संध्याकाळी बाबू गवंड्याकडून
लेव्हल पाइप मागून आणला,
पाणी भरून घराचा जोता काढतात तो, आरपार दिसणारा.
वीतभर कापला,
फिल्टर आणि पंपाच्या मधी बसवला, क्लिपा आवळल्या.
हातपंप दाबून दाबून हवा काढली.
पाइपात डिझेल उभं राहिलं,
पिवळं, निवळ, एक डाग नाही.

रात्री ऑइलच्या बोळ्यांची शेकोटी,
तीही लांब, बॉनेटला ऊब लागू नये म्हणून.
तो बिदरच्या लेकीचं सांगत राहिला.
मी सांगितलं, कुणाकुणाच्या मंडपाचे पैसे यायचेत,
आणि त्यातली दोन लग्नं तर मोडली पण.
वजनकाट्यावर उसाचे ट्रक येत होते, जात होते.
माझा डोळा लागला.

पाचाला त्यानं लाथेनं उठवलं.
मी चावी फिरवली, तो टॉर्च धरून वाकला.
हूंऽऽ... हुं.
“आ गये,” तो म्हणाला,
पाहुण्यांची वाट बघत बसलेल्या माणसासारखा.
उतरून पाहिलं:
पाइपात एक बुडबुडा. मग तीन.
मग मुंग्यांची रांगच.
रांग पंपात शिरली की आवाज खाली बसायचा
आणि दचकून वर जायचा.

त्यानं एका बोटावर ग्रीस घेतलं,
हातपंपाच्या गळ्याभोवती फिरवलं,
लेकराला काजळ लावावं इतकं हळू.
रांग तुटली.
काटा नऊशेवर आला आणि तिथंच राहिला.
आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो,
उगीच, बराच वेळ.

रबराची रिंग. वाळून खडखडीत झालेली.
थंडीत आखडायची, डिझेलऐवजी हवा प्यायची.
ऊब लागली की फुगून दार लावून घ्यायची.
किंमत पंधरा रुपये, दुकान दहाला उघडतं.
मजुरी तीनशे म्हणाला. मी घासाघीस केली नाही,
तर त्याला शंका आली.

बाबू पाइप परत घेत नाही.
म्हणतो, वीतभर कमी, आणि वास मारतोय.
त्याला नवा द्यायचाय, तेवढं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला
गाडी एका सुरात उभी.
अन् गल्लीतनं अनुसयाबाईचा नातू
एका पायात चप्पल, हातात दप्तर,
पाच चाळीसच्या परभणी गाडीमागं पळालेला.
अनुसयाबाई दारात, माझ्यावरच तापलेल्या:
“कावून, आज तुमची गाडी बोंबलली न्हाई?
आमाला वाटलं, आजून रात्र हाय.”